बीएफए की बीडेस? फॉर्म भरायच्या आधी एवढं वाचा

मी बारावीत होते तेव्हा आर्ट (बीएफए, म्हणजे फाइन आर्टची पदवी) आणि डिझाईन (बीडेस, म्हणजे डिझाईनची पदवी) हे एकच असं मला वाटायचं, आणि त्या नादात एक अख्खी परीक्षा हातची गेली. झालं असं की महाराष्ट्रात बीएफएसाठी जी सीईटी असते ती बारावीच्या पेपरांनंतर येते, म्हणून मी निवांत, पण आयआयटी मुंबई बीडेससाठी घेते ती युसीड जानेवारीत असते आणि तिचा फॉर्म दिवाळीच्या आगेमागेच बंद होतो. एनआयडीचंही (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन) तसंच, बोर्डाच्या आधीच प्रिलिम्स, म्हणजे पहिली फेरी. मला कळलं तेव्हा फेब्रुवारी उजाडलेला!

युसीड कुठल्याही शाखेच्या पोरांना देता येते, पण लागोपाठच्या दोनच वर्षांत, त्यामुळे 'यंदा सहज बसून बघू' करू नका. त्यात बराचसा भाग कॉम्प्युटरवर असतो, लॉजिक, आकृत्या फिरवून बघणं वगैरे, नुसतं चित्र चांगलं असून भागत नाही.

बीएफएच्या सीईटीत मात्र हातच बोलतो. ऑब्जेक्ट ड्रॉइंग (समोरच्या वस्तूंचं चित्र), मेमरी (आठवणीतून चित्र), डिझाईन आणि एक जीकेचा पेपर. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा दिलेल्यांना हे विषय ओळखीचे वाटतील, पण स्पीडचा फरक फार आहे. आमच्या क्लासमध्ये (नाव नको) सर मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र आमच्याकडून कायम समोरूनच काढून घ्यायचे. परीक्षेत मला जागा मिळाली एकदम कडेची आणि खाली. कळशी माझ्या नजरेच्या वर, म्हणजे तोंडाचा लंबगोल आतून दिसतच नव्हता, आणि मी सवयीने वरून दिसावा तसा काढून बसले. अर्ध्या तासाने लक्षात आलं, खोडलं, कागदाचा पार भुगा झाला, त्यावर पोस्टर कलर बसेना. तेव्हा घरी तीच कळशी जमिनीवर, स्टुलावर आणि कपाटावर ठेवून काढा, मागे एक चुरगळलेली चादर टाका. घरचे हसतील, हसू दे.

पात्रता म्हणाल तर बारावी पास, टक्क्यांची अट त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. सायन्स नाही म्हणून रडू नका, आमच्या वर्गात निम्मी कॉमर्सची होती. जेजेला (मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८५७ पासूनचं कॉलेज!) जायचंय असं सगळेच म्हणतात, पण २०२३ मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालंय, त्यामुळे तिथल्या प्रवेशाचं सीनियरकडून ऐकीव न घेता त्यांचीच नोटीस वाचा. आणि डोमिसाइल (रहिवासाचा दाखला) आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायलाही जागा नसते.