क्रोटनला आधी खिडकी द्या

सोसायटीच्या गेटपाशी, शाळेच्या कुंपणाला, रस्त्याच्या दुभाजकावर क्रोटन कुणी ढुंकून पाहत नसलं तरी लालपिवळं होऊन वाढतं. तेच झाड कुंडीत लावून हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं की महिन्या-दोन महिन्यांत काड्या उरतात. मग बिल्डिंगमधल्या बायका मला विचारतात, "ताई, खत कुठलं घालू?" खत नंतर. आधी त्याला खिडकी द्या.

हे झुडूप इंडोनेशिया, मलेशिया, पॅसिफिक बेटं या पट्ट्यातलं, एरंडाच्या कुळातलं. त्याला ऊब हवी आणि दमट हवा हवी. थंड देशांत लोक त्याच्यासाठी घरात हवा दमट करायची यंत्रं लावतात, आपल्याला मुंबईत ती फुकट मिळते. पारा 15 अंशांच्या खाली गेला की ते कुरकुरतं, पण जानेवारीतल्या मोजक्या रात्री सोडल्या तर इथे तशी वेळ येत नाही. म्हणजे हवामानाचा प्रश्न मिटला. उरतो उजेडाचा, आणि फ्लॅटमध्ये नेमका तोच कमी पडतो.

पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली, सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं की रंग खुलतात. आमच्या मुलुंडच्या घरी स्वयंपाकघराचं ग्रिल पूर्वेला आहे, म्हणून रुंद पानांचं क्रोटन तिथे, मिक्सरच्या वरच्या बाजूला. हॉलचं ग्रिल पश्चिमेला. तिथे मार्च ते मे दुपारनंतर लोखंडाला हात लावता येत नाही, पानं करपतात. त्या दिवसांत हिरवी जाळी बांधते. उजेड पुरतोय का हे पानंच सांगतात. कोवळं पान हिरवटच येतं, त्याची काळजी नको. पण ते जून होऊनही हिरवंच राहिलं तर झाड खिडकीजवळ सरकवा.

सरकवा, पण एकदाच. क्रोटनला जागा बदललेली खपत नाही. नर्सरीतून आणल्यावर पहिले काही आठवडे ते पानं गाळणारच. तेव्हा घाबरून कुंडी बदलायची, जास्त पाणी ओतायचं, कुंडी या खोलीतून त्या खोलीत फिरवायची, यातलं काहीही करू नका. खोडावर नखाने हलकं खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, फुटेल.

पाण्याचं वेळापत्रक ठरवू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. वरचा थर कोरडा लागला तरच पाणी. मे महिन्यात ग्रिलमधल्या लहान कुंडीला रोज लागेल, जुलैत आठवडाभरही लागणार नाही. तहानलेल्या झाडाची पानं माना टाकतात आणि पाणी दिल्यावर उभी राहतात. माती ओली असूनही पानं लोंबत असतील, खालची पिवळी पडत असतील, तर मुळं कुजायला लागली आहेत. म्हणून नुसती लाल माती भरू नका, ती पावसाळ्यात विटेसारखी घट्ट बसते. निम्मी माती, बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत, वर मूठभर जाडी वाळू. आणि ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाका. डेंग्यूचे डास त्यात आठवड्याभरात तयार होतात. पालिकेची माणसं पावसाळ्यात घरी येऊन आधी कुंड्यांखालीच वाकून बघतात.

एसीच्या झोतात क्रोटन ठेवायचं नाही, कडा वाळतात. शिवाय कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड पडते. पान उलटं करून उजेडाकडे धरा: बारीक ठिपके आणि शिरांच्या बेचक्यात धाग्यासारखं जाळं दिसलं तर तीच. बाथरूममध्ये नेऊन हँड शॉवरने पानं खालून धुवा, आणि आठवड्याने संध्याकाळी नीमतेल फवारा. इथे कुंडी हलवायला माझी परवानगी आहे. रिडेव्हलपमेंटची धूळ एरवीही ओल्या फडक्याने पुसावी लागतेच. चकाकी यावी म्हणून खोबरेल लावणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगते, नका लावू, त्यावर धूळ दुप्पट बसते.

झाड उंच होऊन खालून बोडकं झालं की जून-जुलैत गुटी बांधा, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फुटू द्या. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची साल इंचभर गोल काढायची, तिथे ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळायचं, वर प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. मुळांच्या खाली कापून नवी कुंडी भरा. उरलेल्या खोडालाही कापाखालून नवे कोंब येतात. कापताना चीक येतो. तो अंगाला लागला तर काहींना खाज सुटते आणि पोटात गेला तर त्रास होतो, त्यामुळे रांगतं मूल किंवा पानं चावणारी मांजर असेल तर कुंडी उंचावरच. हातमोजे घाला, आणि जुना गाऊनही. चिकाचे डाग कपड्यावरून निघत नाहीत.