पहिला फोक-रॉक अल्बम कसा करावा

फोक-रॉकमध्ये आधी गाणं, मग बँड. १९६०च्या दशकाच्या मध्यात लोकगीतांच्या साध्या चालींना इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रमची जोड मिळाली आणि ही शैली उभी राहिली. त्यातले शब्द बुडाले की उरतो नुसता रॉक. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच कसोटीवर घासून घ्या: शब्द ऐकू येतात का?

१. गाणी छाटा

हाताशी असलेलं प्रत्येक गाणं एका गिटारवर सलग गाऊन मोबाइलवर घ्या आणि काही दिवसांनी ऐका. दुसऱ्या कडव्यात कंटाळा आला, तर तो ड्रम घालून जात नाही. कडवंच कापावं लागतं. नऊ-दहा गाणी, ३५ ते ४० मिनिटं पुरे. विनाइल (तबकडी) काढायचं मनात असेल, तर एका बाजूला साधारण २० मिनिटंच ठेवा. त्याहून फार भरलं की आवाज दबतो.

सगळी गाणी स्वतःचीच हवीत, हा हट्ट नको. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या १९६२च्या पहिल्या अल्बममध्ये १३ गाणी होती, त्यातली स्वतःची दोनच. मात्र पारंपरिक गीत घेताना मूळ चाल सर्वांची असली, तरी कुणी केलेल्या नव्या मांडणीवर हक्क असू शकतो, तेवढं तपासा.

२. पट्टी आणि लय घरीच ठरवा

एकट्याने बसून गाताना सोयीची वाटणारी पट्टी ड्रमसमोर खाली पडते. कॅपो (गिटारच्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) एक-दोन घरं वर सरकवून मोठ्याने गाऊन पाहा. लय मेट्रोनोमवर (ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्रावर) मोजून वहीत लिहा. स्टुडिओत उत्साहाच्या भरात ती हमखास वाढते.

३. साथीदारांना शब्द द्या

नुसते कॉर्ड लिहिलेला कागद देऊ नका. गाणं कशाबद्दल आहे हे कळलं, की चांगला ड्रमर पहिलं कडवं आपणहून रिकामं सोडतो. खरी अडचण वेगळीच असते. अकूस्टिक गिटारचं स्ट्रमिंग आणि ड्रमचं हाय-हॅट (पायाने उघड-बंद होणारी झांजांची जोडी) दोन्ही वरच्या, तीक्ष्ण आवाजांच्या पट्ट्यात खुळखुळतात आणि नेमकी व्यंजनं झाकतात. दोघांपैकी एकाने मागे सरायला हवं: हाय-हॅट बंद ठेवून काठ्यांऐवजी ब्रश वापरा, किंवा कडव्यात स्ट्रमिंग सोडून बोटांनी तारा छेडा. हा निर्णय तालमीतच घ्या, मिक्सिंगवर (सगळे आवाज एकमेकांत जुळवण्याच्या कामावर) ढकलू नका.

४. रेकॉर्डिंग

तारा आदल्या दिवशी बदला, म्हणजे त्या ताणून स्थिरावतात. माइक गिटारच्या गोल छिद्रासमोर नको, तिथे आवाज घुमतो. बाराव्या फ्रेटसमोर (दांड्यावरच्या बाराव्या आडव्या तारेसमोर) वीतभर अंतरावर ठेवा. रेकॉर्डिंगच्या फाइलचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरेसा आहे.

गाणं आणि गिटार एकत्र घ्यावं की वेगवेगळं? एकत्र घेतलं तर श्वासाबरोबर लय सैल-घट्ट होते आणि गाणं जिवंत वाटतं. पण दोन्ही माइकमध्ये दोन्ही आवाज शिरतात, त्यामुळे चुकलेली ओळ तेवढीच बदलता येत नाही. माझं मत विचाराल, तर संथ गाणी एकत्रच घ्या आणि बँडवाली क्लिकवर, म्हणजे कानात मेट्रोनोम ऐकत.

५. मिक्सिंग, मास्टरिंग

स्पीकर अगदी हळू करून ऐका. गाणं कधीच न ऐकलेल्या माणसाला शब्द लिहून काढायला सांगा. जिथे तो अडेल तिथे वाद्यं खाली आणा. मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, शक्यतो दुसऱ्या ताज्या कानांकडून करून घ्या. तिथे आवाज अवाच्या सवा चढवून घेण्यात अर्थ नाही. स्ट्रीमिंग सेवा बहुधा तो एका ठरावीक पातळीवर उतरवतातच, हातात राहतो फक्त चेपलेला ड्रम.

६. प्रसिद्धीआधी

प्रत्येक रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगची आंतरराष्ट्रीय ओळख) घ्या. वितरकाकडे (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणाऱ्याकडे) फाइल काही आठवडे आधी द्या. चाल कुणाची, शब्द कुणाचे आणि वाटा किती, हे साथीदारांबरोबर कागदावर आणून सह्या घ्या, आणि तेही पहिलं गाणं बाहेर पडण्याआधी.