जॉर्जियाची मतमोजणी बघायची कशी: मामाला फोनवर समजावलं तसं

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी मामाला पार तोंडघशी पाडलं. आम्ही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या ईशान्येला, सुवानीत राहतो. मामा कऱ्हाडला असतो. निवृत्त शिक्षक, निवडणूक कुठलीही असो, निकालाच्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन बसणारा. इथे डेमोक्रॅट पक्षाचे सिनेटर (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य) राफाएल वॉर्नॉक पुन्हा उभे होते आणि समोर रिपब्लिकन पक्षाचा, अमेरिकन फुटबॉलचा जुना खेळाडू हर्शेल वॉकर. आमच्या संध्याकाळी पावणेआठला, म्हणजे त्याच्या पहाटे सव्वासहाला, मी फोन करून सांगून टाकलं, "वॉर्नॉक चांगले पुढे आहेत, झालं काम." मामा प्रीतिसंगमावर फिरायला गेला आणि सगळ्या मंडळींना ही बातमी देऊन आला. दुसऱ्या दिवशी कळलं की कोणीच निवडून आलेलं नाही.

मामाच्या शिव्या खाऊन मी जे शिकले ते इथे लिहून ठेवते. नोव्हेंबर २०२६ मध्ये इथल्या दुसऱ्या सिनेटरची, जॉन ऑसॉफ यांची जागा मतदानाला आहे, तेव्हा उपयोगी पडेल.

पहिलं काम: वहीच्या वर मोठ्या अक्षरात ५० लिहा. आपल्याकडे ज्याला एक मत जास्त, तो आमदार. जॉर्जियात तसं नाही, निम्म्याहून जास्त मतं लागतात. त्या नोव्हेंबरात वॉर्नॉक यांना ४९.४ टक्के पडली, वॉकर यांना ४८.५, आणि लिबर्टेरियन पक्षाच्या चेस ऑलिव्हर यांना २.१. आघाडी सुमारे ३७ हजारांची, तरी विजय नाही. मामाला हे काही केल्या पचेना. "अगं, जास्त मतं कुणाला? त्यालाच ना? मग?" मग काही नाही, पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. पूर्वी मध्ये नऊ आठवडे मिळायचे. २०२१ च्या कायद्यानं ते चारावर आले. म्हणून ८ नोव्हेंबरनंतर थेट ६ डिसेंबर. तेव्हा तिसऱ्या उमेदवाराचा रकाना वहीत आखाच. त्याला किती पडली यावर तुमचा डिसेंबर अवलंबून.

(वॉर्नॉक यांचं नाव दोन वर्षांत चौथ्यांदा मतपत्रिकेवर होतं. जानेवारी २०२१ ला ते निवडून आले ते आधीचे सिनेटर जॉनी आयझॅक्सन यांच्या उरलेल्या मुदतीपुरते, त्यामुळे लगेच पुन्हा उभं राहावं लागलं. पत्रकं टाकून टाकून आमची कचराकुंडी भरली होती.)

दुसरं, राज्याचा एकूण आकडा बघू नका. टीव्हीवाले तोच मोठा करून दाखवतात, मी त्यालाच फसले. मतदान सात वाजता बंद होतं, सातला जे रांगेत असतील त्यांना मत देता येतं. त्यानंतर साधारण आधी येतात ती आगाऊ मतदानाची मतं, आणि २०२२ मध्ये त्यात डेमोक्रॅट मतदार जास्त होते. मग छोट्या काउंट्यांचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखा भाग) त्या दिवशीचं मतदान येतं, तिथे रिपब्लिकन भराभर वर चढतात. अटलांटाच्या मोठ्या काउंट्या रेंगाळतात. आपल्याकडच्या फेऱ्यांसारखंच आहे हे. कुठल्या फेरीत कुठल्या गावाच्या पेट्या उघडल्या ते माहीत नसेल, तर आघाडीला अर्थ नाही.

राज्यात काउंट्या १५९. सगळ्या लिहायला गेलात तर सकाळ होईल. मी आठ-दहाच घेते. फुल्टन, डिकॅब, क्लेटन या डेमोक्रॅटांच्या. कॉब आणि आमची ग्विनेट, एके काळी पक्क्या रिपब्लिकन, आता उलटलेल्या. शेजारची फोर्साइथ, जिथे देशी लोक भरपूर, तरी २०२० मध्ये तीनातली जवळजवळ दोन मतं रिपब्लिकनांची. सव्हाना, ऑगस्टा, मेकन, कोलंबस या शहरांच्या चार. "गावाकडे सगळं लाल" (लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट) असं धरून चालू नका. मधल्या पट्ट्यात हॅन्कॉकसारख्या काळ्या बहुसंख्येच्या छोट्या काउंट्या निळ्या आहेत.

प्रत्येकीपुढे मागच्या निवडणुकीची टक्केवारी, आत्ताची टक्केवारी, आणि किती मतं मोजायची उरलीत ते लिहा. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एकूण किती मतपत्रिका पडल्या ते काउंट्यांनी रात्री दहापर्यंत जाहीर करावं असा आता कायदा आहे, त्यामुळे वजाबाकी करता येते.

समजा आपला उमेदवार १५ हजारांनी मागे आहे. डिकॅबमध्ये ६० हजार मतं उरलीत आणि तिथे ८५-१५ असं पडतंय. म्हणजे ५१ हजार वजा ९ हजार, ४२ हजारांची भर. ग्रामीण भागात ४० हजार उरलीत, तिथे २५-७५, म्हणजे २० हजारांची घट. निव्वळ २२ हजार वर, त्यातून १५ गेले, ७ हजारांनी विजय. एवढं गणित मामाला फोनवर तीस सेकंदांत जमलं, मला मात्र कॅल्क्युलेटर लागतो.

गव्हर्नरची निवडणूक सोबत असेल तर तोही आकडा शेजारी लिहा. २०२२ मध्ये ब्रायन केम्प आरामात जिंकले आणि त्यांच्याच पक्षाच्या वॉकर यांना त्यांच्यापेक्षा दोन लाख मतं कमी पडली. लोक एकाच मतपत्रिकेवर वर एक पक्ष, खाली दुसरा करतात. वॉकर का अडकले, हे त्या दोन रकान्यांत भाषणांपेक्षा जास्त दिसतं.

आणि फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर हरणारा फेरमोजणी मागू शकतो. तेव्हा पेढे वाटू नका.

६ डिसेंबरला मी शहाणी झाले होते. स्वयंपाकघराच्या टेबलावर मुलाची जुनी चौकटीची वही, मामानं पाठवलेलं भडंग, फोन स्पीकरवर. निम्म्याहून जास्त मतं आगाऊच पडली होती, त्यामुळे वॉर्नॉक सुरुवातीला वर, मग अंतर घटत घटत अगदी घासून.

"अगं, वॉकर गाठतोय की!"

"मामा, डिकॅब पूर्ण आलं का?"

"हा डिकॅब कुठला तालुका?"

सांगितलं. तो गप्प बसला, पलीकडे पेन्सिलचा आवाज. साडेदहाच्या सुमारास इथल्या वाहिन्यांनी वॉर्नॉक यांचा विजय सांगितला. शेवटी फरक सुमारे ९९ हजारांचा निघाला. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर मामा म्हणाला, "माझं गणित मगाशीच झालंय. पण आज मी घाटावर कुणाला काही बोललो नाही."