ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मोजायचा तर आधी रेझिस्टर जोडा

नुसता ट्रान्सफॉर्मर मोजून मिळालेल्या आकड्यांवर विसंबू नका. त्याच्या आधी कोणता सोर्स आणि पुढे किती लोड, यावर त्याचं वागणं ठरतं. सिग्नल जनरेटरचा आउटपुट इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा एकूण विरोध) बहुधा 50 ओहम असतो. 600:600 ओहमच्या लाइन ट्रान्सफॉर्मरसाठी जनरेटरच्या सिरीजमध्ये 550 ओहम लावा (560 चालतो), सेकंडरीवर (आउटपुटच्या वाइंडिंगवर) लोड म्हणून 600. हे न लावता मोजलंत तर बास आहे त्यापेक्षा चांगला दिसेल आणि डिस्टॉर्शन कमी.

टर्न्स रेशो (दोन्ही वाइंडिंगच्या वेढ्यांचं गुणोत्तर) मोजणं सोपं आहे: सेकंडरी मोकळी ठेवून प्रायमरीला (इनपुटच्या वाइंडिंगला) 1 किलोहर्ट्झवर 1 व्होल्ट द्या, दोन्हीकडचे व्होल्ट मोजा. इम्पीडन्सचं गुणोत्तर त्याच्या वर्गाइतकं, म्हणजे 5000:8 ओहमचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर 25:1 निघतो. साधे मल्टिमीटर काहीशे हर्ट्झच्या वर एसी व्होल्ट चुकीचे दाखवतात, म्हणून स्कोप (ऑसिलोस्कोप) वापरा.

खरा कस बासमध्ये लागतो. सोर्स 600 आणि लोड 600, प्रायमरीला दोन्ही समांतर दिसतात म्हणून 300 ओहम. 20 हर्ट्झला 3 डीबीपेक्षा जास्त घट नको असेल तर प्रायमरी इंडक्टन्स किमान 2.4 हेन्री हवा. एलसीआर मीटरचा (इंडक्टन्स, कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरचा) 1 किलोहर्ट्झवरचा आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण कोअरमुळे (आतल्या चुंबकीय गाभ्यामुळे) मिळणारा इंडक्टन्स लेव्हल आणि फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो.

तेवढ्याच व्होल्टला फ्रिक्वेन्सी निम्मी केली की कोअरमधला चुंबकीय फ्लक्स दुप्पट होतो. म्हणून 20 हर्ट्झवर लेव्हल हळूहळू वाढवत स्कोपकडे बघा. साइन वेव्हचं टोक शाबूत राहतं, पण शून्याकडे उतरणारी बाजू आधीच खाली कोसळते. फ्लक्स तिथेच कमाल असतो. कोअर सॅच्युरेट होऊन (आणखी फ्लक्स पेलेनासा होऊन) जास्त करंट ओढतो आणि तेवढे व्होल्ट सोर्स रेझिस्टरमध्येच पडतात. स्पेक्ट्रममध्ये 60 हर्ट्झचा, म्हणजे 20 च्या तिप्पट, तिसरा हार्मोनिक उठून दिसेल.

ट्रेबलसाठी 1 किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह पुरते. कडेला रिंगिंग (थरथरत विरणाऱ्या लहरी) दिसलं तर सेकंडरीवर रेझिस्टर-कपॅसिटर सिरीजमध्ये लावून ते शमवता येतं. स्कोपचा प्रोब मात्र 10× वर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) हवा. 1× प्रोबची सुमारे 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स मायक्रोफोन ट्रान्सफॉर्मरच्या हाय इम्पीडन्स सेकंडरीवर रेझोनन्सच खाली ओढते, आणि दोष ट्रान्सफॉर्मरचा वाटतो.

वाइंडिंगचा डीसी रेझिस्टन्स सगळ्यात शेवटी मोजा. मीटरच्या डीसी करंटने मायक्रोफोन ट्रान्सफॉर्मरचा निकेल कोअर मॅग्नेटाइझ होऊन डिस्टॉर्शन वाढू शकतं. तसं झालंच तर 20 हर्ट्झचा सिग्नल सॅच्युरेशनपर्यंत चढवा आणि अगदी सावकाश शून्यावर आणा. मध्येच वायर काढू नका.