फिटलेलं कर्ज आणि ८४० रुपये

घरकर्जाची फाइल परत आली. बँकेतले साहेब म्हणाले, "क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, ६३१च आहेत, जुनी थकबाकी दिसतेय." मी चक्रावलो. स्कूटरचं कर्ज २०१९ मध्येच फेडलं होतं, एनओसीसुद्धा (कर्ज फिटल्याचं कंपनीचं पत्र) कपाटात होती.

माझ्या कर्जांच्या नोंदींचा रिपोर्ट काढला. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या अशा नोंदी ठेवून स्कोअर देणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, त्यामुळे चारही मागवले. खाली खाली जात होतो, तर स्कूटरचं खातं अजून चालू आणि शिल्लक ८४० रुपये! शेवटच्या हप्त्यावरचा कसलासा दंड. कुणी कधी मागितलाही नव्हता.

आधी मी स्कोअर देणाऱ्यांवरच चिडलो होतो. पण ते स्वतःहून काही खोडू शकत नाहीत. कर्ज देणारा कळवतो तेच ते नोंदवतात. म्हणून ऑनलाइन तक्रार टाकली आणि त्याच दिवशी फायनान्स कंपनीच्या तक्रार विभागाला एनओसी जोडून मेल केला. तिथल्या बाईंनी सुचवलं, "८४० भरून सेटल करून टाका." इथे मात्र सावध राहा! 'सेटल्ड' शेरा म्हणजे पूर्ण पैसे फेडले नाहीत असा अर्थ निघतो. मला 'क्लोज्ड' हवं होतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. मेलमध्ये ही ओळ घातल्यावर चक्रं हलली. २६व्या दिवशी खातं बंद दिसलं. स्कोअर वर यायला मात्र आणखी महिना गेला.