लाइनवर पार्ट पोचवताना या चुका टाळा

कारखान्यात पार्ट संपला आणि जुळणीची लाइन थांबली की पहिला फोन स्टोअरला जातो. बऱ्याचदा पार्ट तिथं असतोच, पण लाइनवरचा बिन, म्हणजे पार्टचा डबा, रिकामा झाल्याचं वेळेवर कळलेलं नसतं. म्हणून साठा वाढवण्याआधी हा निरोप कसा पोचतो ते बघा.

सर्वांत जास्त फसगत दोन बिनच्या पद्धतीत होते: एक बिन रिकामा झाला की तो भरायला जातो आणि तोवर दुसऱ्यावर काम चालतं. समजा, मिनिटाला एक नग बाहेर पडतो आणि त्याला ४ बोल्ट लागतात, म्हणजे तासाला २४०. मटेरियलची गाडी दर अर्ध्या तासाला फेरी मारते, म्हणून बिनमध्ये १२० बोल्ट पुरतील असं वाटतं. पण गाडी पुढे गेल्या गेल्या बिन रिकामा झाला तर? पुढच्या फेरीत तो उचलला जाणार आणि भरून येणार त्याच्याही पुढच्या फेरीत. तासभर दुसऱ्या बिनवर निभवायचं, तर त्यात निदान २४० बोल्ट हवेत. गाडीला उशीर होतो हे धरून थोडे वर. ‘मधूनच कमी पडतात’ अशी तक्रार असेल तर आधी हा हिशोब तपासा.

‘बिन भरून आणा’ असं स्टोअरला सांगणारं कार्ड बिन उघडताना टाकायचं की संपल्यावर, यावर वरचा हिशोब बदलतो. दोन शिफ्टमध्ये दोन रीती असतील तर तो कोलमडलाच. नियम एकच ठेवा आणि तो रॅकवर लिहा.

टंचाईच्या धास्तीने अख्खं पॅलेट लाइनशेजारी आणून ठेवू नका. पार्ट घ्यायला ऑपरेटरला दर नगामागे ३ सेकंद जास्त लागले, तर मिनिटातले ५ टक्के गेले. त्यापेक्षा तिरपा रोलर रॅक लावा: मागून भरायचा, पुढून घ्यायचा. जुना माल आधी वापरला जातो आणि भरणारा ऑपरेटरच्या आड येत नाही.

मॉडेल खूप असतील तर किटची, म्हणजे एका नगाचे पार्ट एकत्र लावलेली, ट्रॉली उपयोगी. नट-वॉशर मात्र किटमध्ये मोजत बसू नका, ते बिनमध्येच बरे. किटमधला एखादा पार्ट खराब निघाला की ऑपरेटर पुढच्या किटमधून उसना घेतो, आणि तुटवडा गुपचूप पुढे सरकतो. दोष त्याचा नाही, त्याला लाइन चालू ठेवायची असते. वारंवार खराब निघणाऱ्या पार्टचे दोन-चार नग मोजून स्टेशनवर ठेवा, आणि त्यातला एक उचलला की त्याची नोंद त्याच फेरीत स्टोअरला जाऊ द्या.