स्नोब्लोअर तुंबला तर हात घालू नका
अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या कडाक्याच्या थंडीत पडणारा भुरभुरीत बर्फ स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून लांब फेकणारं यंत्र, पिठासारखा उडवतो. त्रास होतो तो पारा शून्याच्या आसपास असताना. तेव्हाचा बर्फ ओला, भिजवलेल्या कणकेसारखा चिकट. त्यातच पालिकेचा प्लाउ (बर्फ ढकलणारी गाडी) रस्ता साफ करताना ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरापर्यंतच्या गाडीवाटेच्या, तोंडाशी ढेकळांचा बांध घालून जातो. तिथेच बर्फ फेकणारं नळकांडं हमखास तुंबतं.

अशा वेळी इंजिन बंद केलं तरी आत हात घालू नका, जाड हातमोजे असले तरीही. पाती फिरवणाऱ्या पट्ट्यात (बेल्टमध्ये) ताण उरलेला असतो. अडकलेला गोळा सुटला की पातं एकदम गर्रकन फिरतं. इंजिन बंद करा, किल्ली काढा, पाती थांबू द्या आणि काठीनेच अडकलेला बर्फ फोडा. आमच्याकडे जुन्या झाडूचा दांडा यंत्रालाच बांधलेला असतो.

सुरू करण्याआधी नळकांड्याला आतून सिलिकॉनचा फवारा मारला तर बर्फ कमी चिकटतो. आणि शिअर पिन, म्हणजे जास्त जोर आला की मुद्दाम तुटणारी खीळ, तुटली तर तिच्या जागी साधा बोल्ट ठोकू नका. गिअरबॉक्स वाचावा म्हणूनच ती तुटते. दोन-चार जादा पिना खिशात असू द्या.